अमेरिकेत एमएस-पीएचडी: फी, भाडं आणि पैसे हातात पडायची तारीख

दरवर्षी एप्रिल ते जुलै मला मुलांचे फोन येतात. कोणी नात्यातलं, कोणी मैत्रिणीच्या सोसायटीतलं. अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, घरात पेढे वाटून झालेले असतात आणि मग दोन प्रश्न उरतात: पैशांचं कसं करायचं आणि राहायचं कुठे? बहुतेक घरांत हे प्रश्न दोन वेगळ्या माणसांकडे असतात. बँकेच्या खेपा बाबा घालतात, खोलीचं मुलं आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघतात. माझं पहिलं सांगणं हेच असतं की हे एकच गणित आहे, ते एकाच कागदावर मांडा. त्या कागदावर रकमेच्या शेजारी तारखेचा रकानाही आखा.

तारखेवर माझा एवढा जोर आहे, कारण मी स्वतः त्यात सापडले होते. ऑगस्टच्या मध्यावर मी तिथे पोचले तेव्हा टीएचं (शिकवण्याच्या कामात मदत करायच्या नेमणुकीचं) पत्र माझ्या फाईलमध्ये होतं. घरमालकाला मात्र किल्ली देण्याआधी पहिल्या महिन्याचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट हवं होतं. माझा पहिला स्टायपेंड, म्हणजे त्या कामाचा मासिक भत्ता, ३० सप्टेंबरला जमा झाला. मधले सहा आठवडे मी ज्या रूममेटच्या उधारीवर काढले तिला मी त्याआधी फक्त एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. पैसे मंजूर होते, पण हातात नव्हते. नंतरच्या वर्षांत मी ज्या मुलांची ओढाताण पाहिली, त्यातली बरीचशी याच प्रकारची होती.

पैसे कोण देतं

अमेरिकेत पीएचडी आणि मास्टर्स यांचे हिशेब मुळातच वेगळे आहेत. विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी बहुधा माफ असते आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळतो. विभागाला वर्ग शिकवायला आणि प्रयोगशाळा चालवायला माणसं लागतात, ती कामं हे विद्यार्थी करतात. म्हणून या विषयांत पीएचडीला प्रवेश मिळाला आणि पत्रात पैशांचा उल्लेखच नसेल, तर मी होकार द्यायला सांगत नाही. मास्टर्सचं उलट आहे. तिथे फी विद्यार्थ्यानेच भरायची असते, आणि मदत मिळालीच तर ती बहुधा फीमधल्या थोड्याफार सवलतीच्या रूपात मिळते.

मदतीचे प्रकार नावावरून कळत नाहीत, म्हणून थोडं उलगडून सांगते. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट. पैसे विभाग देतो, काम पेपर तपासायचं, प्रॅक्टिकल घ्यायचं. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट. हे पैसे प्राध्यापकाला मिळालेल्या संशोधन निधीतून येतात, त्यामुळे निधी आटला की आरएशिपही धोक्यात येते. २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीला कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेशच कमी केले. त्यामुळे आरएशिप देऊ करणाऱ्या प्राध्यापकांना एक प्रश्न नम्रपणे जरूर विचारा: हा निधी किती वर्षांचा आहे आणि तो संपला तर विभाग टीएशिप देतो का? चांगले प्राध्यापक या प्रश्नाने दुखावत नाहीत. तिसरा प्रकार जीए, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटचा. ग्रंथालय, वसतिगृहाचं ऑफिस, क्रीडा विभाग अशा ठिकाणचं काम. मास्टर्सच्या मुलांना असिस्टंटशिप मिळायची आशा असेल तर ती बऱ्याचदा इथे असते, आपल्या विभागात नव्हे. फेलोशिपमध्ये काम नसतं, नुसते पैसे असतात.

कँटीनमध्ये तासावर काम करणं ही मात्र असिस्टंटशिप नाही. त्यातून फी माफ होत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि कॅम्पसबाहेर पहिल्या वर्षी करता येत नाही. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात रोखीने काम करून खर्च भागवू, असा सल्ला देणारी माणसं भेटतात. त्यांचं ऐकू नका. त्या चारशे-पाचशे डॉलरपायी व्हिसाचा दर्जा जातो आणि त्याबरोबर सगळं शिक्षण जातं.

एक पत्र ओळीओळीने वाचू

समजा, पत्रात असं लिहिलंय: ०.५० एफटीई, नऊ महिन्यांची नेमणूक, २४,००० डॉलर, ट्यूशन (म्हणजे शिकवण्याची फी) माफ, अनिवार्य शुल्क विद्यार्थ्याने भरायचं. घरात सगळे २४,००० ला गुणिले रुपयाचा दर करून बसतात. थांबा.

०.५० एफटीई म्हणजे अर्धवेळ, आठवड्याला २० तास. परवानगी जेवढी तेवढं सगळं काम इथेच संपलं. यावर आणखी काही कमावता येणार नाही. नऊ महिने म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. भाडं मात्र बारा महिने भरावं लागतं. उन्हाळ्यात काय, हा प्रश्न विभागाला आत्ताच विचारून ठेवावा, कारण काही विभाग उन्हाळी काम देतात आणि काही देत नाहीत.

ट्यूशन आणि शुल्क या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्यूशन माफ झाली तरी तंत्रज्ञान शुल्क, आरोग्य केंद्राचं शुल्क, बसचं शुल्क आणि परदेशी विद्यार्थ्यांचं वेगळं शुल्क राहू शकतं. समजा, ते सत्राला ९०० डॉलर आहे. आरोग्य विम्याचा उल्लेख पत्रात नाही, म्हणजे तो आपल्या खिशातून. समजा, वर्षाला २,५००. आता २४,००० मधून १,८०० आणि २,५०० वजा केले की १९,७०० उरतात. त्याला बाराने भागलं की महिन्याला साधारण १,६४० डॉलर, तेही कर कापायच्या आधी.

कराबद्दल दोन गोष्टी मी फोनवर प्रत्येकाला सांगते. असिस्टंटशिपबरोबर माफ झालेल्या ट्यूशनवर सहसा कर लागत नाही, स्टायपेंडवर लागतो. आणि एफ-१ विद्यार्थ्याला, साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (तिथल्या सरकारी निवृत्तीवेतन आणि वैद्यकीय विम्याची) ७.६५ टक्के कपात लागू होत नाही. ती चुकून कापलेली दिसली तर पगार विभागाकडे जाऊन परत मागायची. शिवाय भारत-अमेरिका कर करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ही सवलत नाही, त्यामुळे वर्गातल्या परदेशी मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका.

आता तारखेचा रकाना. हे पत्र मिळालेल्या विद्यार्थिनीचा ऑगस्ट-सप्टेंबर मांडून पाहू. डिपॉझिट ७००. ऑगस्टचं भाडं ७००. सत्राचं शुल्क ९००. विम्याचा अर्धा हप्ता १,२५०. गादी, पांघरूण, भांडी आणि फोन मिळून ४००. किराणा आणि बस ४००. सप्टेंबरचं भाडं ७००. बेरीज ५,०५० डॉलर. पूर्ण फी माफ आणि स्टायपेंड असलेल्या मुलीलाही पहिला पगार हातात पडायच्या आधी पाच हजार डॉलर लागतात. यातले शुल्क आणि विम्याचे पैसे बऱ्याच विद्यापीठांत हप्त्यांनी किंवा पगारातून कापून भरता येतात. अर्ज मात्र आपणच, मुदतीत करावा लागतो.

पत्राला उत्तर कधी द्यायचं याचाही एक नियम आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे मुलं घाबरून होकार देतात. तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा '१५ एप्रिल ठराव' आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी असिस्टंटशिप किंवा फेलोशिप देऊ केली असेल, तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. एखाद्या विभागाने मार्चमध्येच घाई केली तर या ठरावाचा उल्लेख करून वेळ मागता येतो. पैशांविना आलेल्या नुसत्या प्रवेशाला आणि त्याच्या डिपॉझिटला मात्र हा ठराव लागू नाही.

मदत नसेल तर: कर्ज

इंटरनेटवर शोधलं की एफएएफएसए (तिथल्या सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जांची माहिती ढिगाने मिळते. ती एफ-१ विद्यार्थ्यांसाठी नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांतली मुलं ग्रॅज्युएट शिक्षण घेणार आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज बंद झालं. मास्टर्स किंवा पीएचडीसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर अशी ठरली आहे. वैद्यकीय किंवा कायद्यासारख्या व्यावसायिक पदव्यांना ती वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० आहे.

इथून जाणाऱ्यांपुढे उरतात सरकारी बँका, खासगी बँका आणि वित्तसंस्था, आणि सह-कर्जदार नसतानाही डॉलरमध्ये कर्ज देणाऱ्या परदेशी कंपन्या. सरकारी बँक मोठ्या रकमेला घर किंवा मुदत ठेव तारण मागते, वेळ घेते, पण व्याज सहसा कमी लावते. बिनतारण कर्ज लवकर मिळतं आणि महाग पडतं. वेळ हाताशी असेल आणि तारण असेल तर मी सरकारी बँकच सुचवते. त्यासाठी प्रवेशाचं पत्र यायची वाट न बघता जानेवारीतच बँकेत जाऊन घराच्या कागदांची तपासणी सुरू करावी. अडकतं ते तिथेच: जुना सात-बारा, सोसायटीचं पत्र, आजोबांच्या नावावर राहून गेलेला हिस्सा.

कर्ज मंजूर करून घेताना एक चूक फार महागात जाते. मंजुरी रुपयांत असते आणि फी डॉलरमध्ये. बँक पैसे सत्रागणिक सोडते. समजा, डॉलर ८५ रुपये असताना बरोबर हिशेबाने मंजुरी घेतली आणि चौथ्या सत्रापर्यंत तो ९० वर गेला. शेवटच्या सत्राच्या १५,००० डॉलरमागे ७५,००० रुपये कमी पडले, आणि बँक म्हणणार की मर्यादा संपली. म्हणून मंजुरी थोडी वाढवूनच घ्यावी. मंजूर झालेली सगळी रक्कम उचललीच पाहिजे असं नाही, आणि जे उचललं नाही त्यावर व्याज नाही. राहण्याचा खर्च कर्जात धरलाय का आणि तो खात्यात कोणत्या तारखेला येणार, हेही तेव्हाच लिहून घ्यावं. फी थेट विद्यापीठाला जाते, पण भाड्याचे पैसे दिसायला सप्टेंबर उजाडतो. असं झालेली मुलं मी पाहिली आहेत.

परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, म्हणजे टीसीएस, १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवत असाल तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. तो कर विवरणपत्रात जमा मिळतो, पण ते पैसे काही महिने अडकतात. फेडीच्या काळात व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ५० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांत फेड, तर हप्ता बसतो महिन्याला सुमारे ६७,५०० रुपये. शिकतानाचं व्याज वेळच्या वेळी भरलं नाही तर ते मुद्दलात मिळून हप्ता आणखी वाढतो. मी आई-बाबांना एकच विचारते: मुलीला परत येऊन इथे नोकरी करावी लागली तर हा हप्ता झेपेल का? शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्याच्या वर्षाला ८५,००० जागा असतात आणि त्या सोडतीने भरतात. सोडत लागेलच असं धरून घर तारण ठेवू नका. उत्तर 'नाही झेपणार' असं आलं, तर कमी फीचं विद्यापीठ बघा. नाव थोडं कमी मोठं असेल, चालेल.

कमी फीचे मार्ग असतातही. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांचं उदाहरण घ्या. तिथे वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धेतून दिलेली शिष्यवृत्ती मिळाली की परदेशी विद्यार्थ्यालाही राज्यातल्या विद्यार्थ्याच्या दराने फी लागू शकते, आणि दोन दरांतली तफावत त्या हजार डॉलरच्या कितीतरी पट असते. हजार डॉलरचं पत्र बघून हिरमुसलेल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने फोनवरच बाबांना हाक मारली होती.

शिष्यवृत्ती आणि तिच्या अटी

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि बदल्यात पुढे दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. मुदत संपली तेव्हा ते लंडनमध्ये शिकत होते. ते शिक्षण मध्येच सोडून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. न्यूयॉर्कला लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत राहत होते. १९२० मध्ये बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोडीला याच मित्राकडचं कर्ज होतं. शिष्यवृत्तीची मुदत, करारातली अट आणि खोलीतला सोबती या तिन्ही गोष्टींनी एका विद्यार्थ्याचा मार्ग किती वळवला, हे वाचलं की मी अटींची पानं सोडून पुढे जाऊच शकत नाही.

आजच्या अटीही अशाच नीट वाचाव्यात. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून मदत देतंय, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर असते आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट येते. ज्याला तिथेच नोकरी करून कर्ज फेडायचंय त्याने हे आधी पाहावं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या निवडीच्या तारखा आणि विद्यापीठाची फी भरायची तारीख शेजारी शेजारी लिहा. अंतर पडत असेल तर निवडीचं पत्र दाखवून विद्यापीठाकडे मुदत मागता येते, आणि विद्यापीठं ती देतात असा माझा अनुभव आहे.

आता घर

विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट वसतिगृहात किंवा अपार्टमेंटमध्ये जागा मिळाली तर पहिलं वर्ष तिथे काढावं, भाडं थोडं जास्त असलं तरी. वीज, पाणी, इंटरनेट बहुधा भाड्यातच असतं, क्रेडिट हिस्टरी (कर्जफेडीची जुनी नोंद) मागत नाहीत, आणि करार बऱ्याचदा शैक्षणिक वर्षापुरता असतो. जागा थोड्या असतात आणि सोडतीने किंवा प्रतीक्षायादीने मिळतात. म्हणून प्रवेश पक्का केला त्याच दिवशी अर्ज टाकावा, व्हिसा मिळायची वाट बघू नये. काही गावांत विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थाही आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधली १९३३ पासून चालू आहे. तिथे राहणारे आठवड्यातले काही तास स्वयंपाक, साफसफाई असं काम करतात आणि त्यामुळे खर्च बराच खाली येतो.

बाहेर घर घ्यायचं तर आधी गावाचं कॅलेंडर समजून घ्या. विद्यापीठाच्या गावांत जवळजवळ सगळी घरं एकाच दिवशी रिकामी होतात आणि त्याच सुमाराला भरतात. बॉस्टनला तो दिवस १ सप्टेंबर. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये बरीच लीज (भाडेकरार) १४ ऑगस्टला संपते आणि नवी १५ ऑगस्टला सुरू होते, म्हणजे मधली एक रात्र सामानासकट कुठेतरी काढायची. त्या दिवशी फुटपाथवर पलंग, टेबलं, दिवे, खुर्च्यांचे ढीग लागतात. टेबल-खुर्ची खुशाल उचला, माझं अभ्यासाचं टेबल तिथूनच आलं होतं. गादी आणि सोफा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. ढेकूण घरात आले की ते काढायचा खर्च नव्या गादीच्या कितीतरी पट येतो.

घरमालक काय तपासतो? महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे का, क्रेडिट स्कोअर किती, सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) आहे का. नुकत्याच आलेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. वर धरलेल्या २४,००० च्या स्टायपेंडला तिप्पटीचा नियम लावला तर भाडं ६६७ डॉलरच्या आत हवं. न्यूयॉर्कमध्ये तर वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट मागतात. यातून वाट म्हणजे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्र), स्टायपेंडचं किंवा कर्जमंजुरीचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट एकत्र पाठवून 'मी परदेशी विद्यार्थी आहे, हे माझे कागद' असं सरळ सांगणं. विद्यार्थ्यांना घरं देणाऱ्यांना याची सवय असते. कोणी अमेरिकेतला जामीनदार मागेल. तिकडच्या काका-मावशीला सही करायला सांगण्याआधी त्यांना समजावून सांगा की तुम्ही भाडं चुकवलंत तर ते त्यांच्याकडून वसूल होईल.

डिपॉझिट किती घ्यायचं यावर राज्यागणिक कायदा आहे. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. कॅलिफोर्नियातही १ जुलै २०२४ पासून तसंच आहे, फक्त छोट्या घरमालकांना थोडी सूट आहे. दलालीचा नियमही बदललाय. न्यूयॉर्क शहरात जून २०२५ पासून आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्ट २०२५ पासून दलाल ज्याने नेमला त्यानेच दलाली द्यायची.

फसवणूक नेहमी एकाच वळणाने येते. फोटो सुंदर, भाडं आजूबाजूच्या निम्मं, मालक 'सध्या परदेशी', किल्ली कुरिअरने पाठवणार, फक्त आज डिपॉझिट पाठवा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं की टाळाटाळ सुरू होते. घर कोणीतरी, तुमच्या बाजूच्या माणसाने, दारातून आत जाऊन पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. बहुतेक विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांची संघटना असते. विमानतळावर घ्यायला येण्यापासून पहिल्या आठवड्याच्या राहण्यापर्यंत मदत करतात ही मुलं. पहिले आठ-दहा दिवस कोणाकडे राहून स्वतः घरं पाहणं हे जुलैमध्ये मुंबई-पुण्यात बसून वर्षाच्या लीजवर सही करण्यापेक्षा बरं. घरांची फार टंचाई असलेल्या गावात हे जमणार नाही, तिथे तुमच्या आधी गेलेल्या विद्यार्थ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

लीजमधलं एक वाक्य सहीच्या आधी शोधून काढायचं: सगळे भाडेकरू एकत्रित आणि स्वतंत्रपणे जबाबदार. तिघांनी मिळून १,८०० डॉलरचं घर घेतलं आणि डिसेंबरमध्ये एकजण इंटर्नशिपसाठी दुसऱ्या गावी निघून गेला, तर मालक उरलेल्या दोघांकडून पूर्ण १,८०० मागू शकतो. 'माझा वाटा ६०० होता' हे तिथे चालत नाही. काही मोठ्या इमारती प्रत्येक खोलीची वेगळी लीज देतात. त्यात भाडं जास्त असतं, पण दुसऱ्याच्या वाट्याची टांगती तलवार नसते. अनोळखी मुलांबरोबर पहिलं वर्ष काढायचं असेल तर ते पैसे द्यावेत असं माझं मत आहे. ओळखीची, भरवशाची मुलं असतील तर एकत्र लीज स्वस्त पडते. अशा वेळी आपसात साध्या कागदावर का होईना लिहून ठेवा: कोण किती देणार, मध्येच जाणाऱ्याने बदली माणूस शोधायचा का, डिपॉझिटमध्ये कोणाचे किती.

आपल्या मुलांत हॉलमध्ये राहायची पद्धत आहे. दोन बेडरूमच्या घरात पाच-सहाजण, भाडं अडीचशे-तीनशेवर येतं. पैशांची निकड मला समजते, पण लीजवर नाव नसलेला माणूस घरात राहणं हा करारभंग असतो आणि मालक सगळ्यांनाच नोटीस देऊ शकतो. शिवाय रात्री दोनपर्यंत पेपर तपासणारा एक आणि सकाळी सहाला प्रयोगशाळेत जाणारा दुसरा एकाच हॉलमध्ये झोपले की सत्राच्या मध्यावर कुरबुरी सुरू होतात. कोणाला हॉल घ्यायचाच असेल तर त्याचं नाव लीजवर घाला.

भाडं तुलनेला घेताना आकडा एकटा पाहू नका. थंड प्रदेशात हीटिंग भाड्यात आहे का हे आधी विचारा, जानेवारीचं गॅसचं बिल बघून रडू येतं. बसमार्ग पाहा. अर्बाना-शॅम्पेनसारख्या गावांत विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर बस चालते, तिथे दोन मैल लांबचं स्वस्त घर फायद्याचं ठरतं. जिथे बस रविवारी बंद असते तिथे तेच घर कार घ्यायला लावतं. उन्हाळ्यात गावी यायचं असेल तर सबलेट करायची, म्हणजे घर तेवढ्यापुरतं दुसऱ्याला भाड्याने द्यायची, परवानगी लीजमध्ये आहे का तेही बघा. सगळेच मे महिन्यात सबलेट शोधत असतात, म्हणून जाहिरात मार्चमध्येच टाकावी, आणि पूर्ण भाडं मिळायची आशा धरू नये.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी फोन काढा. भिंतीवरचा प्रत्येक डाग, खिडकीची फाटलेली जाळी, स्टोव्हचं न पेटणारं बर्नर, बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी, सगळ्याचे फोटो घेऊन त्याच संध्याकाळी मालकाला ईमेल करा. मी हे केलं नव्हतं. कार्पेटवरच्या एका जुन्या डागापायी माझ्या डिपॉझिटमधून दीडशे डॉलर कापले गेले आणि तो डाग आधीचा होता हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. घर सोडतानाही साफ केलेल्या घराचे तसेच फोटो घ्या आणि नवा पत्ता लेखी कळवा, कारण डिपॉझिट किंवा कपातीची यादी त्याच पत्त्यावर येते. त्यालाही मुदत आहे: न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, मॅसॅच्युसेट्समध्ये ३०. ती उलटून गेली तर मालकाला कायद्याचा उल्लेख करून ईमेल करा आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा मदत केंद्रात जा. बऱ्याच विद्यापीठांत असं केंद्र असतं, सल्ला फुकट मिळतो, आणि त्याचे पैसे आपण प्रत्येक सत्राच्या शुल्कात आधीच भरलेले असतात.